कोब्याचे सांधे : मच्छेजवळच्या शेडमधल्या कामाच्या नोंदी

२० नोव्हेंबर २०२४

शेड १८ बाय ३६ मीटर. पुढच्या अर्ध्या भागात जुना कोबा, मागच्या अर्ध्यात नुसता मुरूम. मालकांचं मशीन शॉप आहे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांतून बिडाची कास्टिंग येतात, इथे त्यांचं मशीनिंग होतं. माल हलतो तो हँड पॅलेटवर. त्याची चाकं नायलॉनची, छोटी आणि कडक, आणि वर टन-सव्वा टन वजन. काँक्रीटच्या कडांना या चाकासारखा शत्रू नाही. ट्रकचा टायर सांध्यावरून दबून जातो, हे चाक सांध्यात उतरतं आणि समोरच्या कडेवर आपटतं.

काम दुहेरी आहे: मागे नवा कोबा घालायचा आणि पुढच्या जुन्याची दुरुस्ती करायची. आधी जुना नीट बघून घेतला, कारण नव्याचं ड्रॉइंग त्यातूनच निघणार होतं.

जुना कोबा १२५ मिमी जाड. सांधे, म्हणजे आकसताना काँक्रीट ठरल्या जागी तडकावं म्हणून मारलेल्या खाचा, सहा-सहा मीटरवर. त्यातला डांबरी मसाला खरवडून खोली मोजली तर जेमतेम १५ मिमी. स्लॅबच्या जाडीच्या निदान चौथा हिस्सा कापायला हवा, म्हणजे इथे ३१-३२ मिमी. मालकांच्या आठवणीप्रमाणे काँक्रीट घातल्यानंतर आठवड्याने कोणीतरी हँड ग्राइंडरने खाचा मारल्या. तोवर काँक्रीट आपल्या सोयीने तडकून मोकळं झालेलं असणार. दोन ठिकाणी खाच उघडून बघितली: खाली काँक्रीट अखंड, आणि खरी भेग खाचेपासून वीतभर लांब, तिला समांतर. त्या खाचेला सांधा म्हणता येत नाही, ती नुसती रेघ आहे.

शॉपमध्ये डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारा काट्याचा मापक) होताच. एका स्लॅबवर लोखंडी पट्टी ठेवून तिच्यावर मॅग्नेटिक स्टँड उभा केला, गेजचं टोक भेगेपलीकडच्या स्लॅबवर टेकवलं आणि भरलेला पॅलेट वरून नेला. दरवाजाजवळच्या दोन भेगांवर काटा अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेला. पाव मिलिमीटरच्या आत असेल तर वरून मसाला भरून भागतं. त्यापुढे स्लॅबच डुलतोय असं समजावं. अशा ठिकाणी कितीही महाग मसाला भरला तरी तो उखडून येणार.

२७ नोव्हेंबर

नव्या भागाची आखणी. जाडी १५० मिमी. सांध्यांमधलं अंतर जाडीच्या २४ ते ३० पट ठेवायचं, म्हणजे ३.६ ते ४.५ मीटर. पहिला विचार साडेचारचा होता, १८ मीटरला चार भाग सरळ पडतात. पण दोन्ही भिंतींकडचे कॉलम सहा-सहा मीटरवर आहेत. साडेचारचे सांधे कॉलमशी जुळत नाहीत, आणि जिथे सांधा कॉलमच्या कोपऱ्याला भेटत नाही तिथे त्या कोपऱ्यातून भेग आपोआप निघते. म्हणून लांबीच्या दिशेने तीन मीटर घेतले. एक सोडून एक सांधा बरोबर कॉलमवर येतो. आडव्या दिशेने ३.६ मीटरच्या पाच पट्ट्या. पॅनल ३ बाय ३.६, जवळजवळ चौकोनी. लांबी रुंदीच्या दीडपटीपुढे गेली की पॅनल मधोमध तुटतो.

अंतर कमी ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. काँक्रीट सुकताना मीटरमागे साधारण अर्धा मिलिमीटर आकसतं. तीन मीटरला दीड मिलिमीटर, सहा मीटरला तीन. कटरने कापलेल्या सांध्यात खालची भेग खडबडीत असते, खडी एकमेकांत अडकून वजन पलीकडे पोचवते. हे अडकणं सांधा मिलिमीटरभर उघडेपर्यंतच भरवशाचं. म्हणून ज्या मधल्या पट्टीतून पॅलेटची सगळी ये-जा होणार, तिथे कटिंगच्या सांध्याखालीही डॉवेल (सांध्यातून आरपार जाणाऱ्या छोट्या सळ्या) घालायचे ठरवलं. बाकी पट्ट्यांत कटिंगच्या सांध्याला डॉवेल नाहीत.

लोखंडावरून ठेकेदाराशी बराच वाद झाला. त्यांचं म्हणणं, ८ मिमीची जाळी सलग टाका, भेगच येणार नाही. पण सलग जाळी सांध्यातून गेली की ती सांधा घट्ट धरून ठेवते. मग तो उघडत नाही, आणि आकसणं कुठेतरी बाहेर पडणारच, ते मधल्या पॅनलमध्ये पडतं. मी जाळी पूर्ण काढून टाकली. तेवढे पैसे खालच्या भरावात आणि डॉवेलमध्ये घातले. मालक सुरुवातीला नाराज होते. "लोखंडाशिवाय कोबा म्हणजे कसं हो?" जुन्या कोब्याला एका ठिकाणी होल मारून आतली सलग सळई दाखवली, तेव्हा पटलं.

ड्रिलिंग मशीनच्या फाउंडेशनचे दोन कोपरे सांध्याच्या रेघेवर आणून ठेवले. उरलेले दोन पॅनलच्या पोटात येतात, तिथे तिरप्या १० मिमी सळ्या, वरच्या अंगाला.

४ डिसेंबर

खणल्यावर एका कोपऱ्यात काळी माती लागली. बेळगावच्या पश्चिमेला लाल-जांभी जमीन, पूर्वेला काळी, आणि मधल्या पट्ट्यात काय लागेल त्याचा नेम नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा कोबा कितीही चांगल्या सांध्यांचा असला तरी कोपरा उचलणारच. तिथे दोन फूट खोल काढून मुरूम भरला. दीडशे मिमीचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि रोलर. भिंतीलगत रोलर जात नाही, तिथे प्लेट कॉम्पॅक्टर. या कोपऱ्यामुळे वेळापत्रक मागे गेलं आणि मुरमाच्या जादा गाड्यांचा खर्च वाढला. तो खर्च टाळून पुढे गेलो असतो तर बाकी सगळं वाया गेलं असतं.

वर १०० मिमी पीसीसी (लोखंडाशिवायचं साधं काँक्रीट), त्यावर २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, जोडावर वीतभर एकमेकांवर आणि टेप. स्लॅबच्या खाली प्लास्टिक असलं की ओलावा फक्त वरून जातो आणि कडा जास्त उचलतात, हे खरं. पण इथला पावसाळा लांब, आणि मशीनिंग झालेल्या बिडावर खालून दमट हवा लागली की गंज चढतो. मी कागद ठेवला आणि पाणी मारण्यावर जास्त लक्ष द्यायचं ठरवलं.

९ डिसेंबर

शटरिंगला १५० मिमीचे चॅनल. मधोमध, तळापासून ७५ मिमीवर, दर ३०० मिमीला २२ मिमीची होलं. डॉवेल २० मिमी साध्या गोल सळईचे, ४५० मिमी लांब. पट्ट्यांच्या मधले चार बांधकाम सांधे, प्रत्येकी ६० डॉवेल, शिवाय मधल्या पट्टीतल्या पाच कटिंग सांध्यांखाली बारा-बारा. एकूण ३००, वजन सव्वातीन क्विंटलच्या थोडं पुढे, खर्च २३ हजारांच्या आसपास.

पहिला लॉट परत पाठवला. दुकानदाराने सळ्या शिअरवर कापल्या होत्या. शिअरने टोक चेपतं आणि कडेला बर (धारदार कंगोरा) राहतो. असं टोक काँक्रीटमध्ये पाचर मारल्यासारखं अडकतं आणि सांध्याला सरकू देत नाही. डॉवेलचं काम वजन पलीकडे देण्याचं आहे, धरून ठेवण्याचं नाही. दुसरा लॉट कटऑफ मशीनवर कापून घेतला. अर्ध्याहून थोडी जास्त लांबी ग्रीसने माखायची, पातळ थर. लोंदा लावला तर सळईभोवती पोकळी राहते आणि स्लॅब खडखडतो. टॉरची (पिळाची) सळई इथे कधीही घालू नये.

कॉलमच्या पेडेस्टलभोवती पूर्ण जाडीचा १२ मिमी बिट्युमिन बोर्ड, तिरक्या चौकोनात, टोक सांध्याच्या रेघेवर. भिंतीलगतही तोच. गवंड्यांना वाटलं बोर्ड वर येऊन वाईट दिसेल म्हणून त्यांनी तो दोन इंच खाली कापून ठेवला होता. वर काँक्रीट भिंतीला चिकटलं असतं तर आख्खा बोर्ड निरुपयोगी. पुन्हा लावून घेतला.

११ डिसेंबर

पहिली आणि तिसरी पट्टी. रेडीमिक्स एम ३०, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५, स्लम्प (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) १०० मिमी मागितला होता. पहिली गाडी बरोबर. दुसरीचा स्लम्प दीडशेच्या वर. ड्रायव्हरने वाटेत पाणी घातल्याचं कबूल केलं: "साहेब, पसरायला सोपं जातंय की." गाडी परत लावली. दीड तास कामगार बसून राहिले, आणि त्या पट्टीत दोन गाड्यांच्या मधला जोड पक्का धरेल की नाही याची धास्ती होती. नशिबाने आधीच्या गाडीचा माल तिसऱ्या पॅनलच्या सांध्यापर्यंतच पोचला होता, तिथेच आडवी फळी मारून थांबवलं. जादा पाणी म्हणजे जादा आकसणं. सांध्याचं सगळं गणित त्या एका बादलीने बिघडतं, म्हणून गाडी परत लावण्यात मला काही वावगं वाटलं नाही.

पॉवर ट्रॉवेलचा (घोटण्याच्या मशीनचा) शेवटचा हात साडेचारच्या सुमारास संपला. आता खरी परीक्षा कटिंगची. थंडीच्या दिवसांत सहा ते बारा तासांत कापायचं. सात वाजता कडेला थोडं कापून बघितलं, खडी उपसून येत होती, कड दातेरी. थांबलो. साडेआठला पुन्हा, कड स्वच्छ. तिथून सलग. आधी मधली रेघ, मग दोन्ही अर्ध्यांच्या मधल्या. लांब तुकडा आधी अर्धा झाला की त्यातला ताण कमी होतो. एका टोकापासून ओळीने कापत गेलं तर शेवटच्या रेघेच्या आधीच पुढे भेग पळते. खोली ४० मिमी, मोजपट्टी लावून प्रत्येक रेघेवर मोजली. कटरवाला फुटा-इंचांत बोलतो, त्याला दीड इंचापेक्षा किंचित जास्त सांगितलं. दर मीटरला ७० रुपये, रात्रीचे वेगळे.

मधल्या पट्टीत डॉवेलच्या बास्केटचा (सळ्या धरणाऱ्या सांगाड्याचा) मध्य चॅनलवर रंगाने खुणावून ठेवला होता. ही खूण नसेल तर काँक्रीट झाल्यावर सळ्या कुठे आहेत ते कोणालाच कळत नाही, आणि कट सळईच्या टोकावर पडला तर डॉवेल असून नसल्यासारखे.

१३ डिसेंबर

चॅनल काढले. सगळे सरळ मागे सरकले, एक सोडून. तो हलेना. याचा अर्थ तिथले डॉवेल एकमेकांना समांतर नाहीत. चॅनल अडकतोय तर उद्या स्लॅबही अडकणार. चॅनल तापवून-ठोकून काढला, तिरपे दोन डॉवेल कापून टाकले. दोन डॉवेल कमी चालतील, दोन तिरपे चालणार नाहीत.

पाचवी पट्टीही आज टाकून रात्रीच कापली. पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला निम्मी माणसं जाणार, म्हणून दुसरी आणि चौथी पट्टी नंतर. पाणी मारायला दोघांना थांबवून घेतलं आहे. बारदान ओलं ठेवायचं, नुसतं सकाळ-संध्याकाळ पाईप मारून भागत नाही. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे फ्लायअॅशवाल्या सिमेंटला निदान दहा दिवस, कोरड्या-उष्ण हवेत चौदा. इथे डिसेंबरात पूर्वेचा कोरडा वारा सुटतो, म्हणून चौदाच.

२० डिसेंबर

दुसरी आणि चौथी पट्टी. या पट्ट्या दोन्ही बाजूंनी झालेल्या काँक्रीटमध्ये अडकलेल्या, त्यामुळे यांना आधी कापायला हवं. शेजारच्या पट्ट्यांचे सांधे उघडायला लागलेले असतात, तीच ओढ नव्या काँक्रीटवर येते. सगळ्या रेघा शेजारच्या कटला जुळवून आखल्या.

चौथ्या पट्टीत तीन रेघा झाल्यावर कटरचा बेल्ट तुटला. रात्री दहाला बेळगावात बेल्ट कुठे मिळणार? सकाळी दुकान उघडेपर्यंत दोन रेघा राहिल्या. साडेनऊला बघितलं तर एकीच्या शेजारी, रेघेपासून १८० मिमीवर, केसासारखी भेग पूर्ण पट्टीभर. दुसरी रेघ वाचली, ती कापली.

भेग आलेल्या ठिकाणी आखलेल्या रेघेवर कट मारला नाही. भेगेने सांध्याचं काम करून टाकलं आहे. आता शेजारी कापलं तर दोघांच्या मधली १८० मिमीची पट्टी चाकाखाली तुटून जाईल. मसाला भरताना या भेगेलाच खाच मारून भरायचं. इथून पुढे जादा बेल्ट, जादा ब्लेड आणि दुसरा कटर भाड्याने आणून ठेवल्याशिवाय गाडी मागवायची नाही, हे ठेकेदाराच्या कागदात लिहून घेतलं. दुसऱ्या कटरचं एका रात्रीचं भाडं १,५०० रुपये.

८ जानेवारी २०२५

जुन्या भागाची दुरुस्ती. डुलणाऱ्या स्लॅबला भेगेच्या दोन्ही अंगांना होलं मारून खाली सिमेंट ग्राउट (पातळ कालवण) दाबलं. दाब हळूहळू, गेजवर नजर ठेवून. स्लॅब वर उचलायला लागला की थांबायचं. दोन दिवसांनी पॅलेट नेऊन बघितला, काटा पाव मिलिमीटरच्या आत.

तुटलेल्या कडांचं काम सगळ्यांत किचकट. मेस्त्रींनी पहिल्या ठिकाणी फुटलेला भाग नुसता छिन्नीने साफ करून वर मसाला ओढला. कडेला तो कागदासारखा पातळ झाला आणि आठवड्यात सुटला. मग पद्धत बदलली: तुटलेल्या भागाच्या बाहेर, चांगल्या काँक्रीटमध्ये, दोन्ही बाजूंना २० मिमी खोल सरळ कट. मधलं सगळं काढायचं, ब्लोअर मारायचा, प्रायमर, एपॉक्सी मॉर्टर. आणि मॉर्टर घट्ट झाल्यावर खालच्या सांध्याच्या बरोबर वर पुन्हा कट मारायचा. हा शेवटचा कट विसरला तर मॉर्टर दोन स्लॅबना चिकटवून ठेवतं आणि पहिल्याच थंडीत एका बाजूने फाटतं. १५ मिमीपेक्षा लहान टवके मात्र असे सोडवत बसलो नाही, सांधाच थोडा रुंद कापून पुढे मसाल्याने भरला.

२८ जानेवारी

नव्या भागात सांध्यांच्या दोन्ही बाजूंना पितळी पिना बसवल्या आहेत, व्हर्नियरने अंतर घेतो. सगळे सांधे सारखे उघडत नाहीत. काही अजून जागचे हलले नाहीत, काही अर्धा मिलिमीटर, आणि दरवाजाकडचा एक दीडच्या पुढे. शेजारचे सांधे झोपलेले असले की एकावरच सगळी ओढ येते. हे टळत नाही, पण म्हणूनच मसाला भरायची घाई करायची नाही.

पाचव्या पट्टीत दरवाजाजवळचे दोन कोपरे लोखंडी रॉडने ठोकल्यावर पोकळ वाजतात. तीन मीटरच्या सरळपट्टीखाली कोपऱ्याशी तीन मिमी उचल. जत्रेच्या दिवसांत तिथलं बारदान वाऱ्याने उडालं होतं असं आता कळलं. वरचा थर आधी सुकला, कडा वर वळल्या. त्या कोपऱ्यांखाली ग्राउट आणि वरून ग्राइंडिंग.

२४ मार्च

मसाला भरला. मालक जानेवारीपासून मागे लागले होते, मशीन आत घ्यायची आहेत. तीन महिने झाल्याशिवाय भरणार नाही यावर मी अडून राहिलो. तोवर पॅलेटच्या वाटेवर लोखंडी पत्रे टाकून दिले, कडा वाचल्या.

दुकानात बहुतेक जण मऊ पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट देतात. ते भिंतीच्या सांध्याला ठीक, आत फोमची दोरी घालून. पॅलेटच्या वाटेवर ते चाकाखाली दबतं आणि कड उघडी पडते. इथे सेमी-रिजिड एपॉक्सी लागते, कडकपणा शोअर ए मापावर ८० च्या वर, म्हणजे नखाने किंचित दबेल इतकी. बेळगावात मिळाली नाही, कोल्हापूरहून मागवली. ३० लिटर, सुमारे २४ हजार. फोमची दोरी अजिबात नाही, सांधा तळापर्यंत भरायचा. दोरीवर अर्धा इंच मसाला म्हणजे दोरीवरचं झाकण. तळाची भेग मसाला पिऊन घेऊ नये म्हणून चार-पाच मिमी कोरडी वाळू, त्याहून जास्त नाही.

भरण्याआधी प्रत्येक कटमधून पुन्हा ब्लेड फिरवला. आत साचलेली सिमेंटची साय निघाली नाही तर मसाला सायीला चिकटतो. वेळ पहाटेची निवडली, रात्रभर थंड झाल्याने सांधा जास्तीत जास्त उघडा असतो. दुपारी ३५ अंशांत भरला असता तर थंडीत लगेच फटी दिसल्या असत्या. थोडा वर येईल असा भरायचा, घट्ट झाला की ब्लेडने सपाट तासायचा. एका रेघेवर मुलांनी लवकर तासलं, मसाला ओढला जाऊन मध्ये खळगा पडला. तेवढी काढून परत भरली.

चौथ्या पट्टीतली भेगही लहान ब्लेडने वाकडी-तिकडी २० मिमी खोल उघडून याच मसाल्याने भरली.

१८ जुलै

पाऊस जोरात. दरवाजातून वाहून येणाऱ्या पाण्याने भिंतीच्या सांध्यातलं सीलंट दोन मीटरभर सुटलं. आतली दोरी ओली असताना भरलेलं दिसतं. ओघ थांबेपर्यंत हात लावत नाही, दिवाळीनंतर काढून परत. दरवाजाबाहेर आडवी नाली मात्र लगेच करून घेतली. आतल्या सांध्यांतून पाणी खाली गेल्याची खूण नाही. काळी माती काढलेल्या कोपऱ्यातली लेव्हल मार्चइतकीच.

१० जानेवारी २०२६

थंडीतली तपासणी. दरवाजाकडच्या जास्त उघडणाऱ्या सांध्यात मसाला एका बाजूने सुटला आहे, फट एक मिलिमीटर. बाकी दोन सांध्यांत केसभर. ते तसेच ठेवले, पातळ फट चाकाला जाणवत नाही आणि तेवढीशी भरताही येत नाही. एटीएम कार्ड आत गेलं तर भरायचं, असा नियम मालकांच्या सुपरवायझरला देऊन ठेवला आहे. सुटलेल्या बाजूने कट मारून वर तोच मसाला भरला, साहित्य आणि मजुरी मिळून दोन हजारांच्या आत. कडा सगळ्या शाबूत. चौथ्या पट्टीतल्या भेगेसमोर तिसऱ्या किंवा पाचव्या पट्टीत नवी भेग आलेली नाही. जुन्या भागात एपॉक्सी मॉर्टरच्या एका तुकड्याला कोपऱ्यात टवका गेला आहे. तिथे वरचा कट खालच्या सांध्यापासून आठ मिमी बाजूला पडल्याचं उघडल्यावर दिसलं. तो तुकडा काढून, खालचा सांधा दोन्ही टोकांना दोरी ताणून आखून, पुढच्या आठवड्यात परत भरायचा आहे.